धक्क्यावरची दुपार

रविवारी सकाळी खारूने "आई" अशी हाक मारली आणि स्वयंपाकघरातून दोघींनी एकदमच "काय गं?" म्हटलं.

एक तिची खरी आई, बेबी. ती सिंकपाशी भांडी घासत होती. दुसरी बेबीची आत्या. ती गॅसपाशी उभी होती. सहा वर्षांची खारू टेबलाशी बसून दुधाचा कप पुढे धरून होती. पुढचे दोन दात मोठे, म्हणून खारूताई, आणि खारूताईची खारू. कप पुढे धरून ती बघत होती ती आत्याकडे.

"थंड झालंय," ती म्हणाली.

आत्याने लगबगीने कप घेतला. "चुकून म्हणाली गं," ती बेबीला हसत म्हणाली. "पोरांचं काय एवढं!" पण दूध तापवताना ती स्वतःशीच गुणगुणायला लागली, आणि ते गुणगुणणं बेबीला ऐकवेना. ती हातातली कढई घासत राहिली. कढई केव्हाच लख्ख झाली होती.

बेबी चौतिशीची झाली तरी घरादारात बेबीच राहिली होती. लग्न मोडलं तेव्हा नवरा कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणाला होता, "मुलगी तुझ्याकडेच राहू दे." घर बदलताना माणूस जुना फ्रिज मागे ठेवून जातो ना, त्या सुरात. आईवडील कधीच गेलेले. भावाचं घर दोन खोल्यांचं, आणि वहिनीच्या कपाळावर पहिल्याच आठवड्यात आठ्या. अशा वेळी परदेशातून आत्याचा फोन आला. "रडायचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी सामान भर. आमचं घर मोठं आहे आणि माणसं दोनच."

आत्या बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. तिने तिकिटं काढली, विमानतळावर स्वतः आली, खारूसाठी खोली रंगवून ठेवली. ती घरीच कपडे दुरुस्तीची कामं करायची. मशीनवर बसलेली नसली तरी गळ्यात मोजमापाची टेप लोंबत असायचीच. काका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले होते आणि बसचं सुकाणू सोडल्यापासून त्यांनी घरातही कसलं सुकाणू हातात घेतलं नव्हतं. काहीही विचारा, त्यांचं उत्तर एकच, "बघू." आत्या म्हणायची, "आमच्या लग्नातसुद्धा भटजींनी विचारलं तर हे 'बघू' म्हणाले असते."

बेबीला काम मिळालं ते हॉस्पिटलांचे कपडे धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत. पहाटेची पाळी. वाफेने भरलेलं दालन, मध्ये खोलीएवढा इस्त्रीचा रोलर, आणि त्याच्या तोंडाशी दोन बायका चादरीची टोकं धरून उभ्या. एकीचा हात जरा मागेपुढे झाला की चादर तिरकी आत जाते, रोलर थांबतो आणि सगळी रांग ओरडायला लागते. बेबीची जोडीदारीण रुंद खांद्यांची, पन्नाशीची बाई होती. तिला सगळे कॅप्टन म्हणत. पहिल्या दिवशी बेबीने चार चादरी वाकड्या घातल्या तेव्हा कॅप्टन इतकंच म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. चादरीकडे बघ."

पहाटे निघायचं म्हणजे खारूला उठवणं, वेणी, डबा, शाळा, सगळं आत्याकडे. पाळी संपवून बेबी परत यायची ती अंग आंबलेलं घेऊन. मग आत्याच म्हणायची, "तू पड जरा, मी आणते तिला शाळेतून." सुरुवातीला बेबीचे डोळे भरून यायचे. एवढं कोण करतं कुणासाठी?

मग एक दिवस खारूच्या दोन्ही वेण्या गेल्या. मानेपर्यंत कापलेले केस. "उवा होतात गं या शाळांमध्ये," आत्या म्हणाली.  मग खारूची गादी आत्याच्या खोलीत गेली, कारण पहाटे बेबीच्या गजराने पोर दचकते. मग शाळेच्या कार्यक्रमात बाईंनी बेबीला विचारलं, "तुम्ही खारूच्या कोण?" यातली एकेक गोष्ट घेतली तर भांडण काढण्यासारखं काहीच नव्हतं. पण सगळ्या मिळून छातीवर दगड ठेवल्यासारख्या बसत होत्या. आणि आता ही हाक.

सोमवारी रोलरपाशी उभी राहून तिने कॅप्टनला विचारलं, "तू म्हणाली होतीस तुझ्या घरावरची खोली रिकामी आहे. अजून आहे का?"

"आहे. लहान आहे. छत उतरतं आहे, उंच माणसाचं डोकं आपटतं."

"आमच्यात उंच कुणी नाही," बेबी म्हणाली.

पुढचे काही दिवस ती गुपचूप तजवीज करत राहिली. सुपरवायझरच्या मागे लागून शाळेच्या वेळेत बसणारी दिवसाची पाळी मागून घेतली. खोली बघून आली. पलंग एक, खिडकी एक, गॅसच्या दोन शेगड्या. शाळा मात्र तिथून उलट जवळ पडत होती. आता आत्याला सांगणं तेवढं राहिलं होतं.

तिने गुरुवारी जेवताना सांगितलं. खारू जेवून टीव्हीपुढे बसली होती.

"आत्या, मी एक खोली बघितली आहे. शाळेजवळच. पुढच्या महिन्यापासून खारूला घेऊन तिकडे राहावं म्हणते."

आत्याचा घास हातातच राहिला. काका ताटात बघू लागले.

"का? इथे काय कमी पडलं?"

"कमी काहीच नाही गं. तू केलंस तेवढं सख्ख्या आईने केलं नसतं. पण कधीतरी स्वतःच्या पायावर..."

"तू रहा ना स्वतःच्या पायावर. तुला कुणी अडवलंय? खारूला कशाला फरफटवतेस?"

"ती माझी मुलगी आहे, आत्या."

"आहे ना. मग तिला ताप आला तेव्हा रात्रभर कोण बसलं होतं? तिला वाचायला कुणी शिकवलं? तू दमून येतेस, भिंतीकडे तोंड करून झोपतेस. उद्या खोलीवर एकटी असताना पोर आजारी पडली तर काय करशील? तुला साधं एक लग्न सांभाळता आलं नाही, आणि..."

पुढचं वाक्य तिने गिळलं. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. काका हलक्या आवाजात "अगं" म्हणाले. बेबीला ओरडायचं होतं, रडायचंही होतं, आणि यातलं काहीच जमलं नाही. तिने आपलं ताट उचललं आणि सिंकमध्ये नेऊन ठेवलं.

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी जाईन मी," ती पाठमोरीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बेबी निघताना आत्या जणू काही झालंच नाही अशी वागली. डबा भरला, खारूचे बूट पुसले. बेबीला जरा हायसं वाटलं. दिवसाची पाळी सोमवारपासून लागणार होती. त्या दिवशी मात्र पाळी संपवून ती घरी न जाता थेट शाळेकडे निघाली. खारूला आज आपण आणायला जाऊ, वाटेत तिला खोली दाखवू, तिच्या मनाची तयारी करू, असा तिचा बेत होता.

शाळेच्या फाटकातून मुलं बाहेर पडली. निळं दप्तर, लाल दप्तर, भांडणारी, पळणारी. खारू नाही. शेवटी वर्गाच्या बाई बाहेर आल्या आणि बेबीला बघून गोंधळल्या.

"तिची आजी तिला सकाळीच घेऊन गेली ना? शाळा भरल्यावर लगेच. घरात कुणीतरी आजारी आहे म्हणाल्या."

"तुम्ही तिला पाठवलंत कसं?"

"आमच्याकडे संपर्कासाठी पहिला नंबर त्यांचाच आहे," बाई म्हणाल्या.

बेबीने आत्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ती घराकडे कशी पोचली ते तिचं तिलाही कळलं नाही. चालत होती की धावत होती कुणास ठाऊक. शिवणाचं मशीन झाकलेलं. खारूच्या खोलीतलं कपाट उघडलं तर लोकरीचा कोट नाही, पायजमा नाही. माळ्यावरची छोटी बॅग नाही. तिने आत्याच्या खोलीतलं कपाट उघडलं. सगळ्यांचे पासपोर्ट तिथे एका डब्यात असायचे. डब्यात तीनच होते. काकांचा, आत्याचा, बेबीचा.



काका गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. कुंड्या केव्हाच भरून वाहत होत्या आणि पाणी त्यांच्या चपलांपर्यंत आलं होतं.

"काका, आत्या कुठे आहे?"

"येईल... बघू..."

"आज 'बघू' चालणार नाही." तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. तिने फोन काढून त्यांच्यासमोर धरला. "मी पोलिसांना लावतेय. माझी मुलगी शाळेतून नेली आणि तिचा पासपोर्ट नेला. कुणी नेली ते नावासकट सांगणार आहे."

काकांनी झारी खाली ठेवली.  "नको, बेबी. पोलिसांना नको. बेटावर तिची मैत्रीण राहते, तिच्याकडे निघाली आहे. दोन दिवस जाऊन येते म्हणाली. संध्याकाळी तुला सांगा म्हणाली होती मला."

"आणि तुम्ही सांगणार होतात? संध्याकाळी?"

काकांनी ओल्या चपला काढल्या. ते आत गेले. आता हेही दार लावून बसणार असं बेबीला वाटलं. पण ते आले ते गाडीच्या किल्ल्या घेऊन.

"बंदर फार लांब नाही, बोटी संध्याकाळपर्यंत असतात," ते म्हणाले. "चल."

 गाडीत बेबी फोन घट्ट धरून बसली होती. पोलिसांचा नंबर तसाच पडद्यावर होता. प्रत्येक लाल दिव्याला तिचा अंगठा त्याच्याकडे जायचा. काका एवढ्या वेगाने गाडी चालवू शकतात हे तिला ठाऊक नव्हतं.

"तुला आठवत नसेल," मध्येच काका म्हणाले, नजर रस्त्यावरच ठेवून. "तुझी आई आजारी होती, तेव्हा दोन वर्षं तू हिच्याकडे होतीस. हिचं तेव्हा लग्न झालं नव्हतं. तू तिला आईच म्हणायचीस. मग आमचं लग्न ठरलं, इकडे यायचं ठरलं, आणि तुला परत नेऊन दिलं. तू हिच्या पदराला लोंबकळून रडत होतीस म्हणे. पुढे आम्हाला मूल झालं नाही. ही त्या दिवसाबद्दल कधी बोलत नाही, पण..."

बेबीने बाहेर बघितलं. गोदामं, कुंपणं, मग एकदम पाण्याची करडी पट्टी. तिला काही आठवत नव्हतं. पण मनात कुठेतरी कळ उठली, आणि त्या कळेचाच तिला राग आला.

"मग तिला तर कळायला हवं होतं ना, काका," ती म्हणाली. "मूल असं काढून नेलं की काय होतं ते तिलाच सगळ्यात जास्त कळायला हवं होतं."

धक्क्यावरचा प्रतीक्षा कक्ष म्हणजे काचेचा लांबलचक डबा होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा-कॉफीचं यंत्र, भिंतीवर बोटींच्या वेळा. एक बोट नुकतीच सुटत होती. तिच्या भोंग्याने काचा थरथरल्या. बेबीने दारातूनच बोटीकडे बघितलं. गेल्या. नजरेसमोरून गेल्या.

"आई!"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून खारू धावत आली, तोंडाला बिस्किटांचा चुरा. "आई, तू पण येणार? तिथे मेंढ्या आहेत! आम्ही कधीपासून बसलोय, आत्याआजी बोटीत चढतच नाहीये!"

बेबीने तिला उचललं. सहा वर्षांची दांडगी मुलगी, पण वजन जाणवलं नाही. तिने तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि दातांवर दात दाबून धरले. पोरीसमोर रडायचं नाही, ओरडायचं नाही. मग तिने तिला काकांकडे दिलं. "काकाआजोबांना बोटी दाखव जा."

आत्या उठली नव्हती. बॅग पायाशी, पर्स मांडीवर. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. काढायचं भानच राहिलं नसावं. बेबी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी पळवून नेत नव्हते," आत्या म्हणाली.

"मग काय करत होतीस?"

"दोन दिवस. तुला जरा कळावं म्हणून."

"काय कळावं?"

"घर रिकामं झालं की कसं वाटतं ते."

"कळलं," बेबी म्हणाली. "कपाट उघडलं तेव्हा कळलं. पासपोर्ट कशाला घेतलास, आत्या? बेटावर जायला पासपोर्ट लागतो?"

आत्याने पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "आज खोलीवर जाशील, उद्या तिला घेऊन तिकडे देशात परत जाशील. मग मी काय करायचं?" तिचा आवाज चिरकला. पलीकडे बसलेल्या एका माणसाने मान वळवून बघितलं. ती आवाज उतरवून म्हणाली, "सकाळपासून बोटी सुटतायत. प्रत्येक वेळी उठले. बॅग उचलली. पण पाय उचलत नव्हता."

"मी पोलिसांना फोन लावत होते. तुझं नाव सांगणार होते."

"सांगायचंस."

 बाहेर खारू काकांना ओढत कठड्याकडे नेत होती आणि काका "सावकाश, सावकाश" करत होते.

"काल मी बोलले ते..." आत्या म्हणाली. "लग्नाचं. ते तोंडातून गेलं."

"तोंडातून गेलं नाही, आत्या. आत होतं ते बाहेर आलं. तुला वाटतं मला काहीच सांभाळता येत नाही. आणि वर्षभर तसं वाटून घेणं मलाही सोयीचं होतं, म्हणून मी सगळं तुझ्यावर टाकून झोपले. ते माझं चुकलं." तिने हात पुढे केला. "पासपोर्ट दे."

आत्याने दिला. देताना तिने तो उघडून एकदा खारूचा फोटो बघितला. वेण्या असलेला फोटो होता.

"तू मला दार उघडलंस तेव्हा दुसऱ्या कुणी उघडलं नव्हतं," बेबी म्हणाली. "ते मी कधी विसरणार नाही. पण आजची दुपारही विसरणार नाही. आम्ही पुढच्या महिन्यात नाही, उद्याच जातोय."

शनिवारी काकांनीच सामान पोचवलं. जिन्यातून गादी वर चढवताना ते धापा टाकत होते, आणि छताला डोकं आपटल्यावर कॅप्टन एवढी हसली की काकांनाही हसावं लागलं. आत्या आली नाही. सोमवारी बेबीने शाळेत जाऊन पहिला नंबर आपला लावून घेतला आणि बाईंना स्पष्ट सांगितलं, मी असल्याशिवाय कुणालाही पोर द्यायची नाही.

म्हणावं तसं मात्र काही सोपं गेलं नाही. खारूने पहिले काही दिवस खोली डोक्यावर घेतली. दूध आत्याआजीसारखं नाही, भात आत्याआजीसारखा नाही. एकदा तर तिने बूट भिंतीवर फेकला आणि ओरडली, "तू वाईट आहेस! तू मला मेंढ्यापण बघू दिल्या नाहीस!" खालून कॅप्टनने छत ठोकलं. बेबी पलंगावर बसून राहिली. फोन उशाशीच होता. आत्याने एका शब्दात पोरीला शांत केलं असतं, हे तिला ठाऊक होतं. तिने फोन उचलला नाही. ती खाली जमिनीवर, पोरीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हो, आहे मी वाईट. सांग, अजून काय काय केलं मी?" खारूने सांगायला सुरुवात केली. यादी बरीच लांब होती. सांगता सांगता ती दमली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

हळूहळू भात जमू लागला. संध्याकाळी दोघी खिडकीत बसून वाचायच्या. खारू वाचायची आणि बेबी तिच्याकडून इथल्या भाषेतले उच्चार शिकायची. चुकलं की खारू बाईंसारखी भुवया वर करायची. बेबीला कितीतरी दिवसांनी खदखदून हसू यायचं, आणि मग आपल्या हसण्याचा आवाज ऐकून ती चपापायची.

आत्याचा फोन आला तो पाऊण महिन्याने. "रविवारी येऊ का?" एवढंच तिने विचारलं. बेबीने आधी शेगडी बंद केली. आत्याने घाई केली नाही.

"ये," बेबी शेवटी म्हणाली.

आत्या आली ती रिकाम्या हातांनी. ही बाई कुणाकडे रिकाम्या हातांनी गेलेली बेबीने कधी बघितली नव्हती. दार उघडल्यावरही ती उंबऱ्यापाशीच थांबली. खारू तिच्या कमरेला जाऊन बिलगली तेव्हा तिने दोन्ही हात आधी तसेच हवेत धरले आणि मग सावकाश पोरीच्या डोक्यावर ठेवले. खोलीत खुर्ची एकच होती. ती तिच्यावर पाहुण्यासारखी टेकली.  चहा झाला. खारूने तिला सगळी खोली दाखवली, म्हणजे एक पलंग आणि एक खिडकी.

"खाली झोपाळा आहे," खारू म्हणाली. "आत्याआजी, चल ना. आपण दोघीच."

आत्या जागची हलली नाही. तिने बेबीकडे बघितलं. काही मागत नव्हती, नुसतं बघत होती.  झोपाळा खिडकीतून दिसत होता, हाकेच्या अंतरावर. 'जा' म्हणणं किती सोपं होतं, आणि ते तिला आज म्हणता येत नव्हतं.

"मीपण येते," ती म्हणाली.

आत्याने मान डोलवली. "ये ना," ती म्हणाली, आणि बेबी चपला घालून दाराला कुलूप लावेपर्यंत ती खारूचा हात धरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून राहिली.